भिंतीतले सत्तावीस खडे

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण उद्या हेच लोक म्हणतील की असं काही लावलंच नव्हतं. चर्चच्या दारातल्या फळ्यावर, मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा कागद अर्धा झाकून, एक सूचना टाचली होती. जावक क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही. खाली नुसतं ‘समिती’. जसं काही देवानेच लिहिलंय.

मजकूर उतरवून आणला, तो असा: ‘दफनभूमीच्या मागील भिंतीलगतची रिकामी जागा सपाट करून तेथे वाहने लावण्याची सोय ईस्टरपूर्वी करण्यात येईल. जीर्ण भिंत पाडण्यात येईल. सदर जागेत एकाही कबरीची नोंद नाही.’

चौतीस वर्षं मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्य कारकून म्हणून. ‘नोंद नाही’ आणि ‘रिकामी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. नोंद नसेल तर नोंद करणाऱ्याचं चुकलेलं असतं, जागेचं नाही.

घरी आले तर वन्सं (ह्यांची धाकटी बहीण, हे गेल्यापासून आम्ही दोघीच) म्हणाल्या, “वहिनी, चपला घालूनच आत आलीस?”

म्हटलं, “चारचा चहा चुकला म्हणून.”

माझं यात वैयक्तिक काही नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये मिस्साला गेले. श्रद्धेचा अंगीकार ही प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना त्या एका ओळीला नेहमीसारखा खोकला आला. देहाच्या पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले उठतील अशी, ती ओळ आली की घसा कोरडा पडतो. वर्षानुवर्षं पडतो. खडीसाखर नेली होती, उपयोग नाही.

नंतर समितीच्या सेक्रेटरीला गाठलं. हा माणूस खिशात टेप घेऊन हिंडतो, म्हणून मी त्याला मोजपट्टी म्हणते. बोलता बोलता समोरच्या बाकाची लांबी घेतो. त्याला म्हटलं, “भिंतीजवळ काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?”

“चौदा गाड्या बसतात, मॅडम.”

“मी काय आहे ते विचारलं. काय बसेल ते नाही.”

“गवत आहे. आणि तुमच्या साहेबांचा तो पुदिना.” आणि हसला.

पुदिन्याचं मात्र खरं आहे. भिंतीच्या एका भागाजवळ पुदिना माजलाय आणि तो ह्यांनीच लावलेला. दर रविवारी मिस्सा संपली की हे मागे जायचे, अर्ध्या तासाने यायचे, आणि हाताला, सदऱ्याला पुदिन्याचा वास. मला काय कळत नव्हतं? सिगारेटचा वास लपवायची ही युक्ती. लग्नाआधी ओढायचे, सोडली म्हणून सांगितलं, आणि पुढे आयुष्यभर चर्चच्या मागे उभं राहून ओढली. मी दर रविवारी जेवताना सुनवायचे. हे मान खाली घालून जेवायचे. चोर तो चोर, वर शिरजोर नव्हता एवढंच.

हट्टी तर होतेच. स्वतःच्या कबरीची जागासुद्धा भिंतीजवळच्या शेवटच्या रांगेत घेऊन ठेवली. नळ पार दुसऱ्या टोकाला. तीन वर्षं झाली, मी बादली वाहतेय.

मंगळवार, ११ मार्च

फादरना भेटले. वय तिशीच्या आतबाहेर. मी बोलत असताना माझ्याकडे बघतात, हेही नसे थोडके.

दफनाची वही त्यांनी काढून समोर ठेवली. अनुक्रमांक, नाव, वय, बाप्तिस्म्याचा क्रमांक, कबरीची रांग. जुनं अक्षर सुरेख आहे.

“बाप्तिस्म्याचा क्रमांक नसला तर?” मी विचारलं.

“तर पूर्वी नोंद करत नसत, बाई.”

“आणि पुरत कुठे?”

फादर खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीतून भिंतच दिसते.

मी म्हटलं, “आमच्या कार्यालयात उशिराची नोंद नावाचा प्रकार असतो. म्हातारा माणूस येतो, साठ वर्षांपूर्वीचा जन्म नोंदवा म्हणतो. आम्ही चार प्रश्न विचारतो, दोन साक्षीदार बघतो आणि नोंदवतो. सरकारच्या दारात उशिराची नोंद होते. देवाच्या दारात होत नाही?”

“समितीचा ठराव झालाय, बाई. बिशपसाहेबांची संमतीही आलीय. तरी मी विचारून बघतो.”

विचारून बघतो. या दोन शब्दांवर मी स्वतः हजार लोकांना घरी पाठवलंय. मला माहीत आहे त्यांचा अर्थ.

बुधवार, १९ मार्च

आठ दिवस लिहिलं नाही. दोन अर्ज दिले, पोच मिळाली नाही. वन्सं म्हणतात, “भिंतीशी बोललीस तर बरं, निदान ती ऐकून तरी घेते.”

म्हणून आज खरोखरच भिंतीपाशी गेले. कबरी खोदणारा तात्या तिथे फावडं घासत बसला होता. सत्तरीचा असेल. त्याच्या आधी त्याचा बाप हेच करायचा.

विचारलं, “तात्या, इथे किती आहेत?”

त्याला क्षणभरही आठवावं लागलं नाही. “सत्तावीस.”

“कशावरून?”

तो उठला आणि मला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत घेऊन गेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर, गिलाव्यात, पांढरे गोल खडे बसवलेले. मध्ये कुठे हातभर अंतर, कुठे दोन हात. मी ते बालपणापासून बघतेय. मला वाटायचं गवंड्याची हौस.

“बापानं सुरू केलं,” तात्या म्हणाला. “बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल यायचं. संध्याकाळी, गुपचूप. दगड लावायचा नाही, क्रूस लावायचा नाही, वहीत लिहायचं नाही. बाप म्हणाला, वहीला बंदी आहे, भिंतीला कुठे आहे? एक मूल, एक खडा, बरोबर डोक्याच्या वर. मोकळी जागा मिळेल तिथे, ओळीने नाही.”

मी हातात काठी धरून उभी राहिले. आयुष्यभर नोंदवह्या सांभाळल्या आणि ही एवढी मोठी नोंदवही मला वाचता आली नाही. आणि हीच ते पाडणार. भिंत गेली की सत्तावीसांतलं एकही कुठे आहे हे सांगायला पृथ्वीच्या पाठीवर काही उरणार नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची होती. ओठांपर्यंत आली होती. विचारली नाही. ऊन फार होतं.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी साडेआठला जेसीबी आला. मी सव्वाआठलाच जाऊन बसले होते. घडीची खुर्ची, पाण्याची बाटली, विणकाम. वन्सं डबा घेऊन येणार होत्या.

मोजपट्टी आला. “मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात.”

“म्हणूनच खुर्ची आणलीय. अडाणी असते तर खाली बसले असते.”

“उठा हो. लोक बघतायत.”

“बघू देत. तुमची सूचना कोणी बघू नये म्हणून चित्रकला स्पर्धेवर टाचली होती, मी चारचौघांत बसलेय.”

त्याने मशीनवाल्याला दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला सांगितलं. माझी खुर्ची एक आणि भिंत चाळीस पावलं. मी पोचेपर्यंत दात जमिनीला लागले होते. गवत, वरची माती आणि ह्यांचा पुदिना सगळा मुळासकट ओरबाडून एका ढिगात पडला. सगळीकडे तो वास. मला उगाच वाटलं हे मागून येतायत.

मशीनवाला आडदांड माणूस. मी त्याच्या खिडकीखाली उभी राहून त्याला खडे दाखवले आणि ते काय आहेत ते सांगितलं. तीन वाक्यांत. त्याने इंजिन बंद केलं, उतरला आणि एकेका खड्याला बोट लावत शेवटपर्यंत गेला. परत आला तेव्हा टोपी हातात होती.

“साहेब, हे माझ्याकडून होणार नाही,” तो मोजपट्टीला म्हणाला. “तुम्ही म्हणालात मोकळी जागा आहे.”

“दुसरा माणूस आणू आम्ही.”

“आणा. त्यालाही ह्या बाई सांगतीलच.”

मशीन गेलं. मोजपट्टी टेप आत-बाहेर करत उभा राहिला. ईस्टरनंतर बघू म्हणाला. मी म्हटलं, लिहून द्या. दिलं नाही.

तात्या ढिगातली पुदिन्याची मुळं वेचत होता. मी सहज म्हटलं, “राहू द्या हो. सिगारेटी ओढायला आडोसा होता तो ह्यांचा.”

तात्याने वर बघितलं. “साहेबांनी इथे कधीच सिगारेट ओढली नाही, बाई. बसायचे. माती मोकळी करायचे. नवव्या खड्याखाली.”

शुक्रवार, २८ मार्च

ते सिगारेट ओढत नव्हते.

गुरुवार, ३ एप्रिल

आता खरं लिहायचं. ही वही माझीच आहे आणि हिला कुलूप आहे.

मुलगी होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी. सात तास होती. ह्यांनी तिचं लाडाचं नाव एकदाच घेतलं, “पिंटुकलीचे कान बघ, थेट तुझे.” त्यानंतर मला झालं नाही कोणी.

कॉन्व्हेंटमध्ये सहावीत आम्हाला बाहुलीवर शिकवलं होतं. जीव जातोय आणि फादर जवळ नाहीत, अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. साधं पाणी डोक्यावर, तीन वेळा, आणि ठरलेले चार शब्द. मला पैकीच्या पैकी मिळाले होते. त्याच तासाला सिस्टर म्हणाल्या की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना देवाचं दर्शन होत नाही. मी विचारलं, “त्यांचा काय दोष?” त्या म्हणाल्या, “बाकावर उभी राहा.”

दवाखान्यात खाटेशेजारच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. भरलेला. डॉक्टर मान हलवून गेले होते. मला सगळं पाठ होतं. मी हात पुढे केला नाही. पाणी घातलं असतं तर ती जाणार हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मी कबूल करायला तयार नव्हते. मी आजही कशाला लवकर तयार होत नाही, पण त्या दिवशी व्हायला हवं होतं.

हे तिला घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही. पुढे कार्यालयात नोकरी लागली तेव्हा त्या वर्षाची वही माझ्याच कपाटात आली. तिच्या जन्माची ओळ आहे त्यात. नावाचा रकाना कोरा, कारण नाव कोणी दिलंच नव्हतं. मी ते पान कधी उघडलं नाही, आणि चौतीस वर्षं लोकांना सांगत राहिले की बाबांनो, कोरा रकाना ठेवू नका.

आज हे सगळं फादरना सांगितलं. पाप म्हणून नाही, माहिती म्हणून.

ते म्हणाले, “आता आम्ही तसं शिकवत नाही, बाई. अशी बाळं देवाच्या दयेच्या हवाली आहेत.”

“शिकवत नाही? मग ज्यांना शिकवलंत त्यांना कळवलं का? परिपत्रक काढलं? शिकवायला सिस्टर वर्गात आल्या होत्या. परत घ्यायला कोणी आलं नाही.”

फादरनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, “पहिल्या ईस्टरच्या पहाटे बायका प्रभूच्या थडग्याकडे निघाल्या, तेव्हा वाटेत त्यांना एकच काळजी होती. दाराचा धोंडा कोण लोटणार? त्यांच्या हातून तो हलणार नव्हता. पोचल्या तेव्हा तो आधीच सरकलेला होता. जे तुमच्या हातून झालं नाही, बाई, त्यावर त्याचं उठणं अडलेलं नाही.”

उत्तर बरं होतं. मी म्हटलं, लेखी द्या.

त्यांनी खरंच दिलं. सही, तारीख, शिक्का. या गावात पहिल्यांदाच कोणी मला पूर्ण कागद दिला.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. फादरनी मला मिस्सानंतर वेदीजवळ उभं राहून सूचना वाचू दिली. मी मोजून चार ओळी वाचल्या: मागच्या भिंतीत सत्तावीस खडे आहेत. प्रत्येकाखाली एक बाळ आहे. ज्यांचं कोणी तिथे असेल त्यांनी ईस्टरला सकाळी मिस्सानंतर भिंतीपाशी यावं. माझं नववं आहे.

शेवटची ओळ कागदावर नव्हती.

बाहेर मोजपट्टी म्हणाला, “कोणी येणार नाही, मॅडम. कशाला स्वतःचा तमाशा करून घेता? आणि ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, दुसरं मशीन येतंय, सांगून ठेवतो. कोणी दावा सांगितला नाही, तर समिती थांबणार नाही.”

रात्री नाही, भर दुपारीच भीती वाटली. मी एकटीच उभी राहिले तर? एका म्हातारीसाठी कोण भिंत ठेवतंय?

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. उपास. दोघी स्वयंपाकघरात नुसत्या बसलो होतो. वन्सं अचानक म्हणाल्या, “झबलं मी शिवलं होतं. पिवळ्या काठाचं. तुझ्या जुन्या परकराचा काठ.”

मी त्यांच्याकडे वळून बसले.

“दादा मला बरोबर घेऊन गेला होता. खडा मीच निवडला. नदीकाठी जाऊन, चांगला गोल बघून.”

“एकेचाळीस वर्षं एका घरात राहतोय आपण, वन्सं. सांगावंसं वाटलं नाही?”

“तू विचारलं नाहीस.” त्यांनी पदराने टेबल पुसलं, स्वच्छ होतं तरी. “दादा म्हणायचा, आपण होऊन सांगायचं नाही, तिला झेपणार नाही. ती विचारेल त्या दिवशी घेऊन जाऊ. दर रविवारी तिथे जाऊन बसायचा. म्हणायचा, आज कदाचित मागून येईल.”

आणि मी घरी जाऊन भाजी गरम करत, आज काय सुनवायचं ते ठरवत असायचे.

लिहिता येत नाही पुढे.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर.

साडेआठला मिस्सा संपली. आम्ही दोघी मागे गेलो. वन्संनी माझा हात धरला होता. आधार कोणाला होता ते सांगत नाही. भिंतीपाशी तात्या आणि फादर. बाकी कोणी नाही.

पाच मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं आणि मनात म्हटलं, मोजपट्टी जिंकला.

मग कोपऱ्यावरून शिंपीणबाई आली. दुकान कधी बंद न ठेवणारी. सरळ चौथ्या खड्यापाशी गेली, विचारावंही लागलं नाही तिला. तिच्यामागे माझ्याच शाळेतली एक, जिच्याशी मी वीस वर्षं एका भांड्यावरून बोलत नव्हते. ती एकविसाव्यापाशी थांबली. मग दोघी बहिणी, आईच्या वतीने. मग एक म्हातारे गृहस्थ, बाहेरगावाहून पहिल्या गाडीने आलेले, काखेत कुबडी. बायको गेल्या साली गेली, ती जाताना खडा सांगून गेली म्हणाले. येतच राहिले लोक. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. एकमेकींकडे बघून आधी दचकल्या, मग हसल्या, आणि मग जे काही झालं त्याला रडणं म्हणायचं का ते मला ठरवता येत नाही, कारण आवाज लग्नघरासारखा होता.

मी मोजले. सत्तावीसपैकी एकोणीस खड्यांपाशी माणूस होतं.

विसावं सर्वांत शेवटी आलं. चाकांच्या खुर्चीत एक नव्वदीच्या बाई, आणि खुर्ची ढकलत मोजपट्टी. तोंड पांढरंफटक. त्या बाईंनी बोट केलं, “तिकडे. चौदावा.” तो ढकलत राहिला. खडबडीत मातीत चाक अडलं तर त्याने आईला खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला, मग मशीनवाला कुठूनसा पुढे आला आणि दोघांनी मिळून उचललं.

“आई, हे कोण?” त्याने विचारलं.

“तुझा थोरला भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुला उशीर झाला भेटायला. टोपी काढ.”

त्याने काढली. मग किती तरी वेळाने माझ्याकडे आला. मला वाटलं आता भांडेल. तो म्हणाला, “मॅडम, भिंतीला गिलावा नवा करावा लागेल. खडे निखळतील नाहीतर.” आणि खिशातून टेप काढला. या वेळी मी त्याचं दुसरं टोक धरलं.

फादरनी सगळ्यांना श्रद्धेचा अंगीकार म्हणायला लावला, तिथेच, उन्हात. ती ओळ आली. मी म्हटली. मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत. काल घेतलेलं खोकल्याचं औषध चांगलं निघालं म्हणायचं.

निघताना नवव्या खड्याखाली बघितलं. जेसीबीने ओरबाडलेल्या त्या उघड्या मातीतून पुदिन्याचे कोवळे कोंब वर आले होते. दहा-बारा असतील. तात्या म्हणाला, “मी लावले नाहीत हं, बाई. मुळं खाली राहिली होती.”

मी एक पान चुरगळून हाताला लावलं आणि हात न धुता जेवले.

सोमवार, २१ एप्रिल

दुसरं मशीन आलं नाही. पण ‘येणार नाही’ हे तोंडी आहे, आणि तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही. पत्राचा पक्का मसुदा इथे उतरवते. एक प्रत समितीला, एक बिशपसाहेबांना, एक ह्यांच्या कबरीवर, दगडाखाली.

‘महोदय, शुक्रवार, ७ मार्च रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आपल्या फळ्यावर दिसलेल्या सूचनेत भिंतीलगतची जागा रिकामी असल्याचे म्हटले होते. ती तशी नाही. तिथे सत्तावीस जण आहेत. सूचना लेखी मागे घ्यावी. भिंत आहे तिथेच राहील, असा ठराव करावा. दफनाच्या वहीत सत्तावीस उशिराच्या नोंदी कराव्यात. वीसांसाठी माणसं हजर आहेत. उरलेल्या सातांना नाव कोणी दिलं नसेल, तर खड्याचा क्रमांक लिहावा, पण ओळ सोडू नये. बाप्तिस्म्याच्या रकान्यात काय लिहायचं हा आपला प्रश्न आहे. फादरनी मला दिलेलं पत्र सोबत जोडलं आहे, ते वाचावं म्हणजे सुचेल.

नववी नोंद मी सांगते. नाव: पिंटुकली. वय: सात तास. साक्षीदार: तिची आत्या, जिने खडा निवडला, आणि तिची आई, जिला उशीर झाला. जन्माच्या वहीतला कोरा रकाना मी आज सकाळी अकराला माझ्या जुन्या कार्यालयात जाऊन स्वतःच्या सहीने भरला. सरकारने पाच मिनिटांत केलं. आपल्याला त्याहून जास्त लागू नये.

आपणच दर रविवारी आम्हाला म्हणायला लावता की मेलेले उठतील. मी आता ते खोकल्याशिवाय म्हणते. त्या दिवशी नावं पुकारली जातील, आणि माझी मुलगी आपल्या वहीत नाही म्हणून कोणी तिला वगळेल असं मला वाटत नाही. पण तेव्हा वही कोणी नीट ठेवली नव्हती याची चौकशी होईल, आणि साक्षीला मी असेन.

लेखी उत्तर बुधवार, ३० एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत मिळावे. जावक क्रमांक, तारीख आणि सहीसह.’